सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवरची प्राचीन ओरखडाचित्रे: ती कोणी काढली आणि ती टिकली कशी?

गिलावा

इटलीतील पॉम्पेई हे शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात राखेखाली गाडले गेले. तेथील थिएटरांना रस्त्याशी जोडणारा एक बोळ १७९४ साली उत्खननात उघडा झाला. तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे तो अभ्यासकांच्या आणि पर्यटकांच्या डोळ्यांसमोर आहे. अलीकडे त्याच्या भिंतींचे नव्या पद्धतीने वाचन करण्यात आले, तेव्हा तेथे सुमारे ३०० लेख व रेखाटने असल्याचे नोंदले गेले आणि त्यांपैकी ७९ यापूर्वी कोणाच्याच नजरेस आली नव्हती असे आढळले. त्यांत झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांचे, म्हणजे रिंगणात लढणाऱ्या रोमन योद्ध्यांचे, एक रेखाटन आहे. ही बातमी वाचल्यापासून या विषयाने मनात ठाण मांडले आहे.

माझे निरीक्षण असे की, प्राचीन भिंतींवरच्या मजकुरांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण चित्रांच्या वाट्याला बहुधा एखादी तळटीपच येते. पॉम्पेईच्या भित्तिलेखांचा पहिला मोठा शास्त्रीय संग्रह १८७१ साली कार्ल झांगेमाइस्टर यांनी प्रसिद्ध केला आणि तोही मुख्यतः लॅटिन मजकुरांचा होता. माझे मत स्पष्ट सांगतो. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची साक्ष या चित्रांतच उरलेली आहे आणि म्हणून ती मजकुरापेक्षा अधिक मोलाची आहेत.

प्रश्न दोन. ही चित्रे कोणत्या प्रकारच्या लोकांनी काढली असावीत? आणि बॅसिलिका (न्यायालय व व्यवहाराची इमारत), थिएटर, मंदिर यांसारख्या सार्वजनिक वास्तूंच्या भिंती अशा ओरबाडल्या जात असताना कोणी अडवत कसे नव्हते?

अनुस्वार

चित्र म्हणजे निरक्षराची साक्ष, हे समीकरण मला मान्य नाही. पॉम्पेईच्या न्यूसेरिया दरवाजाबाहेरील थडग्यांजवळ मार्कस अटिलियस नावाच्या ग्लॅडिएटरची ओरखडाचित्रे सापडली आहेत. हा नवखा होता, पण त्याने आधी १४ लढतींचा अनुभव असलेल्या हिलारसला आणि नंतर १२ लढती लढलेल्या रेकियस फेलिक्सला हरवले. हे आपल्याला कळते, कारण चित्रांच्या शेजारीच नावे, लढतींची संख्या आणि निकाल कोरलेले आहेत. कोण जिंकला आणि हरलेल्यापैकी कोणाला जीवदान मिळाले, हे एकेका अक्षराच्या संक्षेपाने नोंदवलेले आहे. हे संक्षेप वापरणारा माणूस निरक्षर तर नव्हताच, उलट तो या खेळाचा चांगला जाणकार होता.

चित्र काढणारा आणि लिहिणारा हे दोन वेगळे वर्ग होते, असे मानण्याऐवजी एकच माणूस एकाच टोकदार वस्तूने दोन्ही करत होता, असे मानणे पुराव्याला अधिक धरून होईल.

चौकटराजा

म्हणजे वार्ताहर आणि व्यंगचित्रकार असे दोन पगार त्या काळीही परवडत नव्हते तर.

नीरजा_प

अनुस्वार यांच्याशी सहमत आहे, मात्र साधनांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यावाचून चित्रांचे स्वरूप नीट कळत नाही. रोमन जगात मेणाच्या पाट्यांवर लिहिण्यासाठी धातूची किंवा हाडाची टोकदार लेखणी वापरत. ती अनेकांच्या जवळ सहज असे. चुन्याच्या गिलाव्यावर तीच लेखणी, एखादा खिळा किंवा सुरीचे टोक चालते. भिंत रंगवलेली असेल, तर वरचा रंग खरवडला जाऊन खालचा पांढरा गिलावा उघडा पडतो, म्हणजे लाल किंवा काळ्या भिंतीवर पांढरी रेघ उमटते. त्या क्षणी ती ठळक दिसत असणार. आज आपल्याला दिसते ती मात्र रंग विटलेल्या भिंतीवरची फिकट रेघ.

मी पॉम्पेई भर दुपारी पाहिले. नकाशावर खूण केलेल्या भिंतीसमोर उभी राहूनही मला तेथे काही दिसेना, कारण ऊन सरळ भिंतीवर पडले होते. उतरत्या उन्हात त्याच भिंतीवर एका माणसाचे नाक, हनुवटी आणि मानेची रेघ दिसू लागली. या चित्रांत एका बाजूने दिसणारे चेहरे फार आढळतात. मला वाटते, त्याचे एक कारण साधनातच आहे. टोकदार वस्तूने गिलाव्यावर छटा देता येत नाही, बाह्यरेषा तेवढी ओढता येते आणि बाह्यरेषेवरून माणूस ओळखू यायचा असेल, तर नाकाची बाजूच उपयोगी पडते. पॉम्पेईजवळच्या व्हिला ऑफ द मिस्टरीज या घरातील प्रसिद्ध टक्कलधारी चेहरा असाच आहे. मोठे नाक, डोक्यावर पाने आणि वर लिहिले आहे, ‘हा रुफस’. ती सार्वजनिक इमारत नाही याची कल्पना आहे, पण तंत्र तेच आहे.

गिलावा

अनुस्वार, अटिलियसचे उदाहरण चोख आहे. तरीही दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. नाव आणि आकडे गिरवता येणे ही एक पायरी झाली आणि वाक्य लिहिता येणे ही दुसरी. सांगायचे पुष्कळ, पण लिहिण्याची मजल नावापर्यंतच, असा माणूस उरलेले चित्राने सांगेल. शिवाय ज्या चित्रांशेजारी एकही अक्षर नाही, त्यांचे काय?

शेवरी

ज्या चित्रांशेजारी अक्षर नाही, त्यांपैकी काही मुलांची आहेत. कॅथरीन हंटली यांनी पॉम्पेई आणि शेजारचे हर्क्युलेनियम शहर येथील रेखाटनांचा या दृष्टीने अभ्यास केला आहे. लहान मूल माणूस काढते तेव्हा डोक्यालाच हातपाय जोडते, धड विसरते आणि अवयवांचे प्रमाण पाळत नाही. ही लक्षणे आणि चित्राची जमिनीपासूनची उंची अशा दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या की मुलांची चित्रे वेगळी काढता येतात.

२०२४ साली पॉम्पेईत एका घराच्या अंगणातील भिंतीवर कोळशाने काढलेली चित्रे जाहीर झाली. त्यांत ग्लॅडिएटर आणि रानटी जनावरांची शिकार करणारे लोक आहेत. ती काढणारी मुले पाच ते सात वर्षांची असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कसलेल्या चित्रकाराच्या चित्रापेक्षा या वेड्यावाकड्या चित्रांतून मला अधिक कळते, कारण एवढ्या लहान वयात त्या मुलांनी रिंगणातली हिंसा प्रत्यक्ष पाहिली असावी, हे त्यांतून समजते.

अनुस्वार

शेवरी, दोन शंका आहेत. एक म्हणजे उंचीची कसोटी एकटी वापरली तर फसवी ठरते. बाकावर किंवा पायरीवर बसून वाट पाहणारा मोठा माणूसही खालीच रेखाटतो. आपण स्वतः दोन कसोट्या सांगितल्या आहेत, त्यामुळे हे आपल्याला उद्देशून नाही. पण अनेक लोकप्रिय लेखांत ‘खाली आहे, म्हणजे मुलाने काढले’ एवढेच लिहिलेले असते. दुसरी शंका अशी की वाईट चित्र काढणारी मोठी माणसे सर्व काळांत विपुल होती.

चौकटराजा

दुसऱ्या शंकेचा जिवंत पुरावा म्हणून मी केव्हाही उपलब्ध आहे. मी काढलेला घोडा पाहून एका जाणकाराने विचारले होते की, ही खुर्ची कोणत्या शैलीतली?

डोलकाठी

मी जहाजांकडे वळतो, कारण ‘काढणारा कोण’ या प्रश्नाचे उत्तर जिथे चित्रच देते, असा हा वर्ग आहे.

तुर्कस्तानातील इझमीर म्हणजे प्राचीन स्मिर्ना. तेथील आगोऱ्याच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, बॅसिलिकेच्या तळघरात २००३ साली गिलाव्यावरची रेखाटने आणि ग्रीक मजकूर मोठ्या संख्येने आढळले. रॉजर बॅगनॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते सविस्तर प्रसिद्ध केले. काही ओरखड्यांनी काढलेली आहेत, तर काही शाईने किंवा कोळशाने. त्यांत ग्लॅडिएटर आहेत, पण माझे लक्ष वेधले ते जहाजांनी. डोलकाठी, शीड, शीड आवरण्याचे दोरखंड, मागच्या बाजूला लावलेले सुकाणूचे वल्हे, असे तपशील अशा चित्रांत येतात. कोणता दोर कोठे बांधतात हे किनाऱ्यावरून जहाज पाहणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. ज्याचे तळहात त्या दोरांनी सोलवटले आहेत, त्याच्या लक्षात राहते. पुढचा भाग डौलदार पण दोरखंड चुकीचे, असे चित्र असेल, तर ते बघ्याचे समजावे. आकार ओबडधोबड पण दोरखंड अचूक असतील, तर ते खलाशाचे.

स्मिर्ना हे बंदर होते, त्यामुळे तेथे जहाजे असणे स्वाभाविक आहे. पण इस्तंबूलच्या हागिया सोफिया या पूर्वीच्या चर्चच्या वरच्या सज्ज्यांतही जहाजांची रेखाटने आढळतात आणि तेथेच संगमरवरी कठड्यावर रून या उत्तर युरोपातील जुन्या लिपीत हाल्फदान हे स्कँडिनेव्हियन नाव कोरलेले आहे, जे १९६४ साली ओळखले गेले. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाच्या सेवेत उत्तरेकडचे योद्धे होते. लांबलचक धर्मविधी चालू असताना सज्जात उभ्या असलेल्या एखाद्या पहारेकऱ्याने वेळ घालवण्यासाठी हे केले असावे, असा तर्क केला जातो आणि मला तो पटतो. मूळ धागालेखकाच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच की, ही चित्रे वाट पाहणाऱ्यांनी काढली. लिहिता येणे वा न येणे हा तेथे दुय्यम भाग होता.

सौदामिनी

डोलकाठी यांची मांडणी सुंदर आहे. पण ‘वेळ घालवण्यासाठी’ हे उत्तर नाईल नदीच्या काठी गेले की कोसळते.

कर्नाक येथील खोन्सू मंदिराच्या छतावर पावलांच्या बाह्यरेषा मोठ्या संख्येने कोरलेल्या आहेत. हेलेन जॅके-गॉर्डन यांनी त्या प्रसिद्ध केल्या. अनेक पावलांच्या आत नाव आणि मंदिरातले पद लिहिलेले आहे. म्हणजे ती चोरून वर चढलेल्या पोरांची नाहीत, तर मंदिराच्या सेवकांची आहेत. आपले नाव देवाच्या सान्निध्यात कायम राहावे, एवढाच त्यांचा हेतू आहे. स्वतः मंदिराचा माणूस मंदिराच्या दगडावर आपले पाऊल कोरतो, तेव्हा त्याला विद्रूपीकरण म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

दुसरे उदाहरण फिले बेटावरचे. तेथील रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाच्या दरवाजावर एस्मेत-अखोम नावाच्या पुजाऱ्याने मंदुलिस या देवाची आकृती कोरली आणि शेजारी चित्रलिपीत लेख लिहिला. त्यावरचा दिवस २४ ऑगस्ट ३९४ असा येतो. इजिप्तच्या चित्रलिपीतला हा शेवटचा ज्ञात लेख आहे. तीन हजारांहून अधिक वर्षे चाललेली लेखनपरंपरा राजाज्ञेच्या शिलालेखाने संपत नाही. ती संपते दरवाजावरच्या अशा एका वैयक्तिक कोरीवकामाने आणि तेही चित्रासकट. अभ्यासक त्याला ग्राफिटीच म्हणतात.

तिसरे सुदानमधील एल-कुर्रू. तेथील प्राचीन राजांच्या दफनभूमीतील मंदिराच्या खांबांवर आणि भिंतींवर नंतरच्या मेरोई राज्याच्या काळातील यात्रेकरूंनी मेंढे, घोडे, धनुर्धारी आणि नावा कोरल्या. जोडीला दगडात उकरलेले छोटे वाटीसारखे खळगे आहेत. पवित्र वास्तूच्या दगडाची भुकटी मिळवण्यासाठी ते उकरले असावेत. येथे चित्र काढणे हा भेट देण्याचाच एक भाग होता.

डोलकाठी

सौदामिनीताई, हरकत मान्य करतो, पण पूर्ण नव्हे. पुजाऱ्यालाही छतावर बसून वाट पाहावी लागत असेल. रात्री आकाशातील ताऱ्यांवरून वेळ मोजणारे पुजारी मंदिरांत असत. दोन्ही हेतू एकत्र नांदू शकतात.

चौकटराजा

व्हेसुव्हियसचा उद्रेक २४ ऑगस्टचा आणि हा शेवटचा लेखही २४ ऑगस्टचा. भिंतींना ही तारीख मानवत नाही असे दिसते.

जुनाट

गंमत म्हणून ठीक आहे, पण उद्रेकाची ती तारीख आता डळमळीत झाली आहे. २०१८ मध्ये पॉम्पेईत दुरुस्ती चालू असलेल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, रोमन पंचांगाप्रमाणे १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. वर्ष लिहिलेले नाही. कोळशाचे लिखाण फार काळ टिकत नाही, म्हणून ते इ. स. ७९ मधलेच असावे आणि त्यामुळे उद्रेक त्यानंतर झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. उद्रेकाचे वर्णन करणाऱ्या रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांत तारखेचे पाठभेद आहेतच.

गिलावा

जुनाटकाका, माहितीबद्दल आभार. हा वाद स्वतंत्र धाग्याचा आहे, कारण ते घरातले लिखाण आहे आणि त्यात चित्र नाही. आपण सार्वजनिक वास्तूंवर आणि चित्रांवर राहू या. माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही. हे चालवून कसे घेतले जात होते?

तर्कटी

मुळात चालवून घेतले जात होते, हे आपण सिद्ध न करताच गृहीत धरले आहे. एखादी गोष्ट टिकली याचा अर्थ ती मान्य होती, असा होत नाही. पॉम्पेई राखेखाली गाडले गेले म्हणून तेथील ओरखडे राहिले. जी शहरे जगली, तेथे भिंती पुन्हा पुन्हा लिंपल्या गेल्या आणि ओरखडे गेले. आपण अपघाताने वाचलेल्या पुराव्यावरून रीत ठरवतो आहोत.

नाराजीचे पुरावेही आहेत. रोमन थडग्यांवर ‘भिंतीवर लिहिणाऱ्या, तुला विनंती आहे, हे स्मारक सोडून पुढे जा’ अशा आशयाचे लेख कोरलेले सापडतात. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने तर भिंतींवरचे लिखाण वाचूच नये, असा सल्ला दिला आहे. अमक्याने तमक्याची आठवण काढली, अमका मित्रांत उत्तम, असल्या मजकुरात घेण्यासारखे काही नसते आणि त्याकडे नजर वळू न देणे हा चौकसपणा आवरण्याचा चांगला सराव आहे, असे तो म्हणतो. सुशिक्षित वर्गाला ही सवय क्षुद्र वाटत होती, हे यावरून उघड आहे.

आणि जून २०२३ मध्ये रोमच्या कलोसियमच्या भिंतीवर एका पर्यटकाने किल्लीने नावे कोरली, तेव्हा जगभर संताप झाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे कौतुक आणि आजच्याला दंड, ही विसंगती आपल्यापैकी कोणाला खटकत नाही का?

नीरजा_प

तर्कटी, विसंगती वाटते तेवढी नाही. पॉम्पेईचा माणूस वापरात असलेल्या भिंतीवर कोरत होता. गिलावा खराब झाला तर तो पुन्हा लावता येत होता. आजचा पर्यटक कोरतो तो पुन्हा न मिळणारा गिलावा आणि बऱ्याचदा त्याखालचे जुने ओरखडेही त्याच्या नावाखाली जातात. जुने ओरखडे आणि नवे ओरखडे वेगळे करणे हे अभ्यासकांपुढचे मोठे कटकटीचे काम होऊन बसले आहे.

प्लूटार्कच्या जोडीला धाकटा प्लिनीही ऐकावा. क्लिटुम्नस नदीच्या उगमापाशी असलेल्या देवस्थानाचे वर्णन करताना तो मित्राला लिहितो की, तेथे प्रत्येक खांबावर आणि भिंतीवर लोकांनी देवाची आणि उगमाची स्तुती लिहून ठेवली आहे. पुष्कळशी तुला आवडेल, काहींचे हसू येईल आणि लगेच पुढे, पण तुझा स्वभाव असा की तू कोणालाच हसणार नाहीस. तो तक्रार करत नाही. म्हणजे एकाच काळातल्या दोन सुशिक्षितांची मते दोन तऱ्हांची होती.

अनुस्वार

चित्र केवळ मजेचे किंवा भक्तीचे नसते, ते बोचरेही असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अजून आले नाही. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर राजवाड्याच्या परिसरातील सेवकवर्गाशी जोडल्या जाणाऱ्या एका इमारतीत १८५७ साली एक ओरखडाचित्र सापडले. गाढवाचे डोके असलेली आकृती क्रुसावर आहे, बाजूला एक तरुण हात उंचावून उभा आहे आणि खाली ग्रीकमध्ये लिहिले आहे की, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. काळ साधारण इ. स. २०० च्या आसपासचा धरतात. ख्रिस्ती लोक गाढवाचे डोके पुजतात, असा आरोप त्या काळी होत असे आणि तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याचा उल्लेख करून तो खोडला आहे. म्हणजे हे चित्र एका सहकाऱ्याची टवाळी करण्यासाठी काढले होते.

याच इमारतीच्या दुसऱ्या खोलीत लॅटिनमध्ये ‘अलेक्सामेनोस श्रद्धावान’ असा मजकूर सापडला. तो त्यानेच लिहिला की त्याची बाजू घेणाऱ्या कोणी, हे सांगता येत नाही आणि तो उत्तरादाखल लिहिला होता असेही ठामपणे म्हणता येत नाही. पण क्रुसावरील ख्रिस्ताच्या अगदी आरंभीच्या ज्ञात चित्रांपैकी एक हे असे टवाळखोराच्या हातून उतरले आहे.

वाचनमग्न

श्रीलंकेतील सिगिरियाच्या आरसेभिंतीचा उल्लेख राहून गेला आहे, असे वाटले. झिलई दिलेल्या त्या गिलाव्यावर आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रवाशांनी पद्ये कोरली आहेत. सेनारत परणवितान यांनी त्यांपैकी ६८५ पद्ये १९५६ साली प्रसिद्ध केली. वरच्या खडकावर रंगवलेल्या स्त्रियांना उद्देशून ती लिहिलेली आहेत.

गिलावा

वाचनमग्न, उदाहरण मोलाचे आहे, पण ते माझ्याच तक्रारीला दुजोरा देते. तेथे चित्र आधीपासून होते आणि येणाऱ्याने त्याला शब्दांत उत्तर दिले. मला उलट दिशा हवी आहे. आजूबाजूला शब्द असताना माणूस चित्र का काढतो?

छायाप्रकाश

ज्या पद्धतीने त्या बोळातली ७९ रेखाटने व लेख नव्याने दिसले, तिच्याबद्दल थोडे लिहितो. ही पद्धत २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कॅमेरा एका जागी पक्का बसवतात आणि दिव्याची जागा बदलत एकाच भिंतीची अनेक छायाचित्रे घेतात. प्रत्येक छायाचित्रात सावली वेगळ्या बाजूला पडते. संगणक त्या सर्वांवरून पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेला कललेला आहे याचा हिशेब करतो. मग पडद्यावर प्रकाश हवा त्या बाजूने पाडता येतो, इतकेच नव्हे तर रंग पूर्ण काढून टाकून नुसता पृष्ठभाग पाहता येतो. नीरजाताईंनी उतरत्या उन्हात जे पाहिले, तेच येथे सर्व दिशांनी आणि सावकाश पाहायला मिळते.

याचा लाभ चित्रांना अधिक झाला आहे, असे मला वाटते. अर्धे पुसलेले अक्षर भाषेच्या ज्ञानावरून पुरे करता येते, कारण त्या जागी काय असू शकते याला मर्यादा असतात. अर्ध्या चित्राला तसा आधार नसतो. जुन्या काळी अभ्यासक हाताने नक्कल उतरवून घेत आणि त्यांना जो आकार प्राणी वाटला तो प्राणी म्हणूनच कागदावर उतरे. गिलावा नंतर गळून गेला असेल, तर आज आपल्याकडे त्या नकलेशिवाय काहीच नसते.

डोलकाठी

गिलावा यांच्या प्रश्नाला जोडून विचारतो की, खेळांचे पट चित्रांत धरायचे का? रोमच्या फोरममधील बॅसिलिका जुलियाच्या फरशीवर आणि पायऱ्यांवर पटखेळांचे पट कोरलेले आहेत. तुर्कस्तानातील अफ्रोडिसियास येथे भल्यामोठ्या तलावाच्या काठाच्या दगडांवर असे अनेक पट आहेत, शिवाय त्या शहरात ग्लॅडिएटरांची रेखाटने, क्रूस आणि यहुद्यांचे दीपवृक्षही कोरलेले आहेत. बॅसिलिका म्हणजे न्यायालय आणि व्यवहाराची जागा. खटल्याची वेळ येईपर्यंत पक्षकार आणि त्यांचे लोक तेथे पायऱ्यांवर बसून सोंगट्या खेळत असावेत.

सौदामिनी

पट धरू नयेत असे मला वाटते, कारण तो वापरायचा असतो, दाखवायचा नसतो. पण दीपवृक्ष आणि क्रूस अवश्य धरावेत. एकाच शहरात दोन धर्मांचे लोक सार्वजनिक दगडांवर आपापली खूण उमटवतात, तेव्हा ‘आम्हीही येथे आहोत’ हे सांगायला अक्षरांची गरज नसते. आपल्या ‘चित्र का’ या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले. ज्याला ती खूण ओळखू यायला हवी, तो कोणतीही भाषा वाचणारा असो, ती त्याच्यापर्यंत पोहोचते.

चौकटराजा

सर्वांनी फार सभ्यपणा पाळला आहे, म्हणून जबाबदारी माझ्यावर येते. रोमन भिंतींवर सर्वत्र आढळणाऱ्या एका विशिष्ट अवयवाच्या चित्राबद्दल कोणीच कसे बोलले नाही?

जुनाट

बोलायला हरकत नाही. रोमन लोक त्या आकृतीला दृष्ट लागू नये म्हणून वापरत आणि ती दारांवर, गळ्यातल्या ताइतांत, अगदी लहान मुलांच्या अंगावरही असे. म्हणून बहुतेक ठिकाणी ती शुभचिन्हच समजावी. पण इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा किल्ल्यात २०२२ साली सापडलेल्या दगडावर तीच आकृती आहे आणि सोबत सेकुंडिनस नावाच्या इसमाच्या शौचविधीवरून त्याला घातलेली शिवी आहे. तो दगड साधारण ४० सेंटीमीटर रुंद आहे आणि अक्षरे खोल कोरलेली आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याने घाईत उरकलेले नाही, चांगला वेळ काढून काम केले आहे. आकृती एकच, पण सोबतच्या नावाने तिचा अर्थ पालटला.

अनुस्वार

जुनाटकाकांच्या या शेवटच्या वाक्यात मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. चित्र एकटे वाचायचे नाही. त्याच्या शेजारी काय आहे, ते बोळात आहे की गर्भगृहाजवळ, उभ्या माणसाच्या नजरेला आहे की बसलेल्याच्या, हे पाहिल्याशिवाय ‘काढणारा निरक्षर होता का’ याचे उत्तर देता येणार नाही. थिएटरच्या बोळातला ग्लॅडिएटर आणि थडग्यावरचा ग्लॅडिएटर यांचा विषय एक असला, तरी पहिला गर्दीत ये-जा करताना काढलेला आहे आणि दुसरा शहराबाहेरच्या रस्त्याकडेला, एका निकालाची नोंद म्हणून.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे कोणी अडवत कसे नव्हते. तर्कटी यांनी टिकून राहण्याचा अपघात दाखवून दिला, तो योग्यच आहे. पण त्याला एक मर्यादा आहे. पॉम्पेईच्या बॅसिलिकेत गायस पुमिडियस डिपिलस नावाच्या माणसाने ‘येथे होता’ अशी नोंद तारखेसह कोरली आहे आणि ती तारीख इ. स. पू. ७८ च्या ३ ऑक्टोबरची येते. उद्रेक इ. स. ७९ चा. म्हणजे राखेखाली जाण्यापूर्वी तो ओरखडा शहरातील सर्वांत वर्दळीच्या सार्वजनिक इमारतीत दीडशेहून अधिक वर्षे उघड्यावर होता. त्या काळात बॅसिलिकेचा कारभार पाहणाऱ्या कितीतरी पिढ्या झाल्या आणि एकाही पिढीला तो लिंपून टाकावासा वाटला नाही. हा राखेमुळे घडलेला अपघात नाही.

तर्कटी

हा मुद्दा भक्कम आहे. मात्र त्यावरून मान्यता सिद्ध होत नाही, दुर्लक्ष सिद्ध होते. आणि थडग्यांवरच्या त्या विनवण्यांचे काय करायचे?

नीरजा_प

त्या विनवण्या निवडणुकीच्या आणि खेळांच्या जाहिराती रंगवणाऱ्यांसाठी होत्या. ते लोक भिंतीला पांढरा हात देऊन त्यावर लाल-काळ्या रंगात मोठमोठी अक्षरे रंगवत. त्यांनी स्मारकाचा दर्शनी भाग झाकला जाई. ओरखड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची अक्षरे बहुधा एक-दोन सेंटीमीटरांची आणि बरीचशी चित्रे तळहाताएवढी असतात. चार पावले मागे सरकले की ती दिसेनाशी होतात. दर्शनी भागाला धक्का लागत नव्हता, म्हणून इमारतीच्या मालकाला त्यांचे सोयरसुतक नव्हते. पॉम्पेईतील श्रीमंतांच्या घरांतही असे ओरखडे आढळतात, हेही याच्याशी जुळते.

तर्कटी

आकाराचा हा फरक पटतो. जाहिरातींवर राग आणि ओरखड्यांकडे काणाडोळा, असे म्हणू या. तरी एक साक्ष माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. ‘हे भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा भार सोसूनही तू कोसळली नाहीस याचे मला आश्चर्य वाटते’ हे पद्य पॉम्पेईच्या भिंतींवरच सापडले आहे. कोणाला तरी वैताग आलाच होता.

अनुस्वार

ते पद्य बॅसिलिकेत आहे, थिएटरमध्ये आहे आणि अँफिथिएटरमध्येही आहे. वैतागलेल्यांनीही लेखणी काढून ते तीन ठिकाणी कोरलेच.